आधी उजेड आला, अर्थिंग मागून



मिरकरवाड्याचा इतिहास सांगायला बसलं की कुणीही बंदरापासून सुरुवात करतं. रत्नदुर्गाजवळचा किनारा, शिडाची होडी, मग इंजिनाची, मग ट्रॉलर. आज आम्हीही इतिहासच सांगणार आहोत, पण तो घरातल्या भिंतीवरून जाणाऱ्या वायरीचा आहे. ही वायर कुठून आली, कोणी बसवली, तिच्याबरोबर काय यायला हवं होतं आणि काय आलंच नाही, ते पाहू. कारण या इतिहासात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. उजेड आधी येतो आणि माणसाला वाचवणारी सोय मागून येते. कधी वीस वर्षांनी येते, तर कधी येतच नाही. आणि ती येईपर्यंत इस्त्री, मिक्सर, फ्रिज यांना ओल्या हाताने स्पर्श करायची पाळी बहुतेक वेळा घरातल्या बाईवर येते.

सुरुवात मुंबईपासून करू, कारण आपल्याकडच्या कितीतरी माणसांनी विजेचा दिवा पहिल्यांदा तिथेच पाहिला. १९०५ साली मुंबईत वीज पुरवणारी आणि ट्राम चालवणारी कंपनी स्थापन झाली. १९०७ साली तिथे विजेची ट्राम धावली. १९१० साली सगळ्या देशासाठी वीज कायदा झाला, आणि १९१५ साली खोपोलीला टाटांचं जलविद्युत केंद्र सुरू झालं. तेव्हा कोकणातली माणसं आगबोटीने मुंबईला जात, गिरणीत, गोदीत, जहाजावर काम करत, आणि परत येत ती रॉकेलच्या दिव्याच्या घरात.

पुढे १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झालं आणि त्याच वर्षी २० जूनला महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झालं. १९६२ साली कोयनेची वीज सुरू झाली. धरण साताऱ्याच्या बाजूला, पण पाणी सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यातून पश्चिमेला खाली येतं ते चिपळूण तालुक्यात पोफळीला. म्हणजे कोयनेचं वीजघर आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात आहे. तिथली वीज मोठ्या तारांवरून आधी मुंबई-पुण्याच्या कारखान्यांकडे गेली. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला भूकंप झाला, वीजनिर्मिती बंद पडली, आणि मुंबईचे कारखाने थांबले. त्या वेळी आपल्या जिल्ह्यातल्या कितीतरी वाड्यांत कंदीलच लागत होता.

खेड्यांना वीज देण्यासाठी १९६९ साली ग्रामीण विद्युतीकरण निगम स्थापन झाला. १९८८ मध्ये गरीब घरांना एक दिवा देणारी कुटीर ज्योती योजना आली, २००५ मध्ये राजीव गांधी ग्रामीण विद्युतीकरण योजना आणि २०१७ मध्ये सौभाग्य योजना. वाड्यावाड्यांत वीज अशी टप्प्याटप्प्याने आली. आज जिल्ह्यात पोफळी आहे, जयगडला १२०० मेगावॅटचं औष्णिक केंद्र आहे, गुहागरला गॅसवरचं केंद्र आहे. जिल्ह्यात विजेची वाण नाही. प्रश्न मीटरच्या आतल्या बाजूचा आहे.

दोन तारांचं घर

पहिल्या घरांत वीज आली ती दिव्यासाठी. एखाद-दोन बल्ब, जमलं तर एक पंखा. दिव्याला दोन तारा लागतात. एकीतून वीज येते, तिला वायरमन फेज म्हणतात. दुसरीतून ती परत जाते, ती न्यूट्रल. सागवानी पट्टी भिंतीला ठोकायची, तिच्यावर वायर ठेवून पत्र्याच्या क्लिपा वळवायच्या, लाकडी बोर्डावर काळी गोल बटणं बसवायची, आणि मीटरजवळ चिनी मातीचा पांढरा फ्यूज. वायरीवर आधी सूत गुंडाळलेलं रबर असे, पुढे पीव्हीसी आलं.

या घरात तिसरी तार नव्हती, आणि तेव्हा ती फारशी जाणवलीही नाही. बल्ब उंच टांगलेला, बटण बेकलाइटचं, बोर्ड लाकडाचा. लोखंडाची, विजेवर चालणारी आणि सतत हाताळायची अशी वस्तूच घरात नव्हती.

वस्तू नंतर आल्या. १९५८ साली गोदरेजने भारतात बनवलेला पहिला फ्रिज बाजारात आणला. १९६३ साली मुंबईत सत्यप्रकाश माथुर यांनी आपल्या वाटण-दळणाला पुरेल असा सुमीत मिक्सर तयार केला. इस्त्री, मिक्सर, फ्रिज, पुढे वॉशिंग मशीन आणि गिझर. यांतल्या बहुतेकांचं अंग धातूचं किंवा त्यांच्या आत पाणी. आतली वायर सोलली आणि अंगाला टेकली, तर सगळं अंगच फेज होतं. अशा वेळी वीज जमिनीत जायला वाट हवी, म्हणून तिसरी तार असते. तीच अर्थिंग. पण वस्तू आल्या त्या घरांच्या भिंतीत दोनच तारा होत्या. मग तीन पिनांचा सॉकेट दोन तारांवर बसवला गेला. वरचं मोठं भोक दिसायला होतं, त्याच्या मागे काहीच नव्हतं.

आखातातून आलेला प्लग

आपल्या भागातल्या घरांत या गोष्टीला आणखी एक पदर आहे. १९७० च्या दशकापासून रत्नागिरी जिल्ह्यातली माणसं मोठ्या संख्येने आखातात गेली. दुबई, कुवेत, बहारीन, कतार, मस्कत. सुट्टीवर येताना टेपरेकॉर्डर आला, इस्त्री आली, मिक्सर आला. प्रत्येकाला चौकोनी चपट्या तीन पिनांचा प्लग. आपले सॉकेट गोल भोकांचे. दोन्ही घाट मुळात ब्रिटिशांचेच, फक्त आपला जुना आणि तिकडचा नवा.

या नव्या प्लगची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. इंग्लंडमध्ये १९२४ साली बायकांनी विजेविषयी स्वतः शिकावं म्हणून एक संघटना निघाली. तिच्या प्रमुख कॅरोलाइन हॅस्लेट. या बायका व्याख्यानं देत, प्रात्यक्षिकं करून दाखवत, स्वतःचं मासिक काढत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पुढच्या घरांतली वीजजोडणी कशी असावी हे ठरवायला तिथे समिती बसली, आणि तीत हॅस्लेटबाई ही एकटी स्त्री होती. लहान मुलांनी सॉकेटमध्ये काही खुपसलं तर काय, हा विचार त्या कामात झाला. १९४७ साली ठरलेल्या नमुन्यात सॉकेटच्या भोकांना आतून पडदा आहे. अर्थची लांब पिन आधी आत जाते तेव्हाच तो उघडतो. शिवाय प्लगच्या पोटात छोटा फ्यूज आहे.

आपल्याकडे त्या प्लगचं काय झालं, हे आपल्यापैकी पुष्कळजणींनी पाहिलेलं असेल. तो बसत नाही म्हणून कापून टाकला. दोन तारांची टोकं सोलून सॉकेटच्या भोकांत घातली आणि घट्ट बसावीत म्हणून काडेपेटीच्या काड्या खोचल्या. तिसरी, हिरव्या-पिवळ्या रंगाची तार वळवून चिकटपट्टीत गुंडाळली. फ्यूज गेला, पडदा गेला, अर्थिंग गेलं. आजही आखातातली वस्तू आली तर प्लग कापून काड्या खोचू नका. आपल्या सॉकेटचा, आयएसआय शिक्क्याचा तीन पिनांचा प्लग तिला बसवून घ्या, आणि तिसरी तार जोडली आहे ना ते प्लग बंद करण्याआधी डोळ्यांनी पाहा.

नळ प्लास्टिकचा झाला आणि

काही घरांत अर्थिंग होतं, पण ते नळाला बांधलेलं. नळाची पाइप लोखंडी, ती जमिनीतून गेलेली, म्हणून वायरमन हिरवी तार नळालाच गुंडाळून देई. त्या काळात ते चाललं. पुढे लोखंडी पाइप सडले आणि त्या जागी प्लास्टिकचे आले. प्लास्टिकमधून वीज जात नाही. ज्या दिवशी प्लंबर पाइप बदलून गेला, त्या दिवशी त्या घराचं अर्थिंग संपलं, आणि ते कुणाला कळलंही नाही. दिवे लागत होते, पंखा फिरत होता. अर्थिंग नसल्याचं घर सांगत नाही, ते शॉक बसल्यावरच कळतं.

खरं अर्थिंग म्हणजे घराजवळ जमिनीत खोल गाडलेला इलेक्ट्रोड. जुन्या पद्धतीत साधारण अडीच मीटर लांबीचा जस्ताचा मुलामा दिलेला पाइप, भोवती कोळसा आणि मीठ, आणि उन्हाळ्यात त्यात ओतायला पाणी. आता तांब्याचा मुलामा दिलेल्या सळ्याही मिळतात. जमीन ओली असली की वीज सहज जिरते. आपल्याकडे घर बहुधा जांभ्यावर. पावसात जांभा भिजलेला, मे महिन्यात कोरडा ठणठणीत. त्यात खारा वारा. बंदराजवळ पत्रा, खिळा, कडी काहीही फार टिकत नाही, मग पाइपला बांधलेली तार आणि तिचा नट तरी कसा टिकेल? जोड गंजून तुटतो, वरून मात्र तार दिसत राहते. म्हणून आपल्या भागात अर्थिंग एकदा करून विसरायचं काम नाही. दर वर्षी पावसाळ्याआधी जोड घासून, घट्ट करून, मीटर लावून मोजून घ्यायचं. मोजमाप ओहममध्ये येतं, आकडा जितका कमी तितकं चांगलं. वायरमनकडून तो आकडा आणि तारीख मेन बोर्डाच्या झाकणामागे लिहून घ्या, म्हणजे पुढच्या वर्षी ताडून पाहता येईल. नुसत्या टेस्टरने हे कळत नाही. टेस्टर फेज दाखवतो, अर्थिंग चालू आहे की नाही ते दाखवत नाही.

फ्यूज कोणाला वाचवतो?

फ्यूज आहे, एमसीबी आहे, मग शॉक कसा बसेल, असं आम्हाला पुष्कळजणी विचारतात. याचं उत्तर आकड्यांत आहे. पंधरा वॅटचा छोटा बल्ब साधारण ६५ मिलिअँपिअर वीज घेतो. त्याच्या निम्मीच वीज छातीतून गेली तरी जिवाला धोका होऊ शकतो. आणि सोळा अँपिअरचा एमसीबी पडायला सोळा हजार मिलिअँपिअरहून जास्त लागते. फ्यूज आणि एमसीबी वायरीला वितळण्यापासून, घराला आगीपासून वाचवतात. माणसाला वाचवणं हे त्यांचं काम नाही. म्हणूनच फ्यूज उडतो म्हणून त्यात जाड तार घालणं, किंवा एमसीबी पडतो म्हणून मोठा बसवणं, म्हणजे घराचा तेवढाही आधार काढून घेणं.

माणसाला वाचवणारं यंत्र वेगळं. १९५० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणींत शॉकने माणसं मरत होती. तिथे हेन्री रुबिन नावाच्या इंजिनिअरने थोडीशी वीज वाट चुकली तरी पुरवठा तोडणारं यंत्र विकसित केलं. खाणीतून ते घरात आलं. आपल्या बाजारात त्याला कुणी ईएलसीबी म्हणतं, कुणी आरसीसीबी. फेजमधून गेलेली वीज न्यूट्रलमधून तेवढीच परत आली का, हे ते सतत पाहतं. फरक ३० मिलिअँपिअरपर्यंत गेला की डोळा मिटायच्या आत पुरवठा बंद होतो. घरासाठी ३० मिलिअँपिअरचंच घ्यायचं. त्यावर एक छोटं बटण असतं, महिन्यातून एकदा ते दाबायचं. दाबल्यावर यंत्र पडलं तर ठीक, नाही पडलं तर ते बदलायचं.

मग अर्थिंग कशाला? अर्थिंग असेल तर वॉशिंग मशीनची वीज अंगावर उतरताच ती जमिनीकडे जाते आणि यंत्र लगेच पडतं. अर्थिंग नसेल तर कुणाचा तरी हात लागेपर्यंत यंत्र थांबून राहतं. दोन्ही हवीत. आणि एका हाताने फेज, दुसऱ्याने न्यूट्रल धरली तर हे यंत्रही वाचवू शकत नाही, तेही लक्षात ठेवा.

२०१८ ते २०२१ या प्रत्येक वर्षात देशात विजेच्या धक्क्याने बारा हजारांहून जास्त माणसं गेली, असं राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे आकडे सांगतात.

वायरमन कोण?

आता ज्याच्या हातात हे सगळं आहे त्या वायरमनकडे येऊ. १९५६ च्या वीज नियमांत एक अट घातली गेली, आणि ती २०१० व २०२३ च्या नियमांतही टिकून आहे. दिवा, पंखा, फ्यूज, बटण, घरगुती उपकरण जसंच्या तसं बदलायला परवाना लागत नाही. पण नवी वायर ओढणं, पॉइंट वाढवणं, बोर्ड बदलणं, जोडणीची ताकद वाढवणं ही कामं परवानाधारक ठेकेदाराने, प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली आणि परवाना असलेल्या तारतंत्रीच्या हातून व्हायला हवीत. आपल्या राज्यात हे परवाने शासनाचं अनुज्ञापक मंडळ देतं. हात शिकवायची सोयही झाली. १९५० पासून देशात कारागीर प्रशिक्षण योजना सुरू झाली आणि आयटीआय उभी राहिली. रत्नागिरीतही शासकीय आयटीआय आहे. वीजतंत्री आणि तारतंत्री हे दोन्ही अभ्यासक्रम दोन वर्षांचे. मुलींनाही प्रवेश आहे, आणि महावितरणमध्ये आता खांबावर काम करणाऱ्या बायका आहेत.

पण वाड्यात काम कसं चालतं ते आपल्याला माहीत आहे. शेजारचा मुलगा येतो. तो गुणी असतो, पावसात रात्री अकराला हाक मारली तरी येतो, आणि पैसे मागतानाही लाजतो. त्याला आम्ही नावं ठेवणार नाही. पण तो कुठे शिकला, एवढं विचारायला हवं. बोटीवरचं वायरिंग शिकलेला हात घरातही चालतो असं समजू नका. बोटीची बॅटरी बारा किंवा चोवीस व्होल्टची, घरातली वीज दोनशे तीस व्होल्टची. तिथली चूक दिवा घालवते, इथली माणूस.

आणि दोष नेहमी त्याचा नसतो. तो म्हणतो, "चाची, अर्थिंगची तार ओढू का?" आपण म्हणतो, "राहू दे रे, खर्च वाढतो." तो म्हणतो, "अडीचची वायर लागेल." आपण म्हणतो, "दीडची आण, स्वस्त पडते." फ्रिजचा रंग निवडायला आपण तासभर घालवतो आणि वायरीचं नाव विचारत नाही.

म्हणून काम देण्याआधी एवढं विचारा. आयटीआय झालं आहे का, परवाना आहे का, नसेल तर कोणाच्या परवान्यावर काम करतोस? वायर कोणती? दिव्यांना एक किंवा दीड चौरस मिलिमीटरची, मोठ्या सॉकेटला अडीचची, गिझर किंवा एसीला चारची, आणि प्रत्येक गुंडाळीवर आयएसआय शिक्का. लाल फेज, काळी न्यूट्रल, हिरवी अर्थ, हे रंग सगळ्या घरात एकच ठेव, असं सांगा. बटण लाल तारेवरच हवं. ते काळीवर बसलं तर बटण बंद असतानाही होल्डरमध्ये वीज राहते, आणि बल्ब बदलणाऱ्या हाताला ती लागते. अर्थिंग आणि न्यूट्रल एकत्र जोडून "झालं अर्थिंग" असं म्हणू देऊ नका. न्यूट्रल कुठे तुटली तर फ्रिजच्या अंगात वीज उतरेल. मालाचं बिल घ्या, मजुरी आधी ठरवा, आणि काम झाल्यावर त्याच्यासमोर आरसीसीबीचं बटण दाबून पाहा.

नव्या जोडणीला ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट लागतो. काही वेळा कागदावर सही येते आणि माणूस मात्र घरी येत नाही. तुमच्या घराचा रिपोर्ट असेल तर तपासणारा माणूस तुमच्या घरात आलेला तुम्ही पाहिलेला असला पाहिजे.

मीटर बहुधा नवऱ्याच्या किंवा सासऱ्यांच्या नावावर असतो, आणि वायरमन त्यांच्याशीच बोलतो. पण ते समुद्रावर, नाहीतर आखातात. घरी आपण. तेव्हा ही बोलणी आपणच करायची.

वादळानंतर

११ नोव्हेंबर २००९ चं फयान, ३ जून २०२० चं निसर्ग, मे २०२१ चं तौक्ते. निसर्गने दापोली-मंडणगडकडे खांबच्या खांब आडवे केले. २२ जुलै २०२१ ला चिपळूण पाण्याखाली गेलं. अशा वेळी वीज लवकर यावी म्हणून आपण आतुर असतो, आणि ती येते तेव्हाच अपघात होतात. पडलेली तार मेलेली समजू नका. तिच्याजवळ कुणाला जाऊ देऊ नका आणि १९१२ वर कळवा. घरात पाणी शिरलं असेल, भिंत ओली असेल, तर मेन स्विच बंद ठेवा, पण बोर्डाजवळ पाणी साचलं असेल तर स्विचलाही हात लावू नका. वायरमनने पाहिल्याशिवाय चालू करायचं नाही. कुणाला शॉक लागून चिकटलं असेल तर आधी मेन बंद. ते जमत नसेल तर कोरड्या लाकडाने माणसाला दूर करा, हाताने ओढू नका, आणि १०८ ला फोन करा. श्वास थांबला असेल तर मदत येईपर्यंत छातीवर दाब देत राहा.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. बोटी किनाऱ्यावर ओढायच्या, जाळी दुरुस्त करायची, हा आपला जुना रिवाज. पाऊस लागण्याआधी बोटीची डागडुजी जशी ठरलेली, तशीच घराच्या वायरीची करायची. मे महिन्यातच वायरमनला बोलवा, अर्थिंग मोजून घ्या, आरसीसीबी नसेल तर बसवून घ्या. खर्च एकदम झेपत नसेल तर आधी अर्थिंग आणि आरसीसीबी, मग बाकीचं. एका गल्लीतल्या चार-पाच घरांनी मिळून एकच परवानाधारक वायरमन बोलावला तर त्याला एक दिवसाचं काम मिळतं आणि आपल्याला मजुरी परवडते.

उजेड आपल्या घरात येऊन पुष्कळ वर्षं झाली. मागे राहिलेली तिसरी तार आपण या वर्षी आत आणू या.